फितीची एक गाठ

जुलैतली पावसाळी सकाळ होती. वाळूजच्या ज्या कारखान्यात मी तेव्हा नोकरीला होतो, तेथे परभणी जिल्ह्यातील एका उपकेंद्रासाठी 132/33 केव्हीचा, म्हणजे 132 हजार व्होल्टचा दाब 33 हजारांवर आणणारा, 50 एमव्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर तयार होत होता. कोअर म्हणजे लोखंडी गाभा आणि वाइंडिंग म्हणजे त्याभोवतीची तांब्याची वेटोळी भट्टीतून वाळून नुकतेच बाहेर आले होते. तांब्यावर विद्युतरोधक म्हणून गुंडाळलेला कागद वाळला की हवेतली ओल झपाट्याने शोषतो, म्हणून दाब देऊन, नट आवळून सारे काही तासांतच तेलाच्या टाकीत उतरवायचे होते, आणि नेमक्या त्या वेळी वाइंडिंगचे तापमान मोजणाऱ्या माझ्या आठ ऑप्टिकल फायबर (काचेच्या तंतूच्या) सेन्सरपैकी मधल्या फेजच्या एलव्ही (कमी दाबाच्या) वाइंडिंगमधला एक गप्प झाला. पडद्यावर सात आकडे होते आणि आठव्या जागी नुसती आडवी रेघ.

हे सेन्सर मीच बसवले होते. वाइंडिंगच्या टोकाशी चुंबकीय रेषा वाकतात, तांब्यात जादा उष्णता निर्माण होते आणि तेलही तेथेच सर्वांत तापलेले असते. म्हणून वरून दुसऱ्या-तिसऱ्या डिस्कमधल्या (वाइंडिंगच्या चकत्यांमधल्या) प्रेसबोर्डच्या, म्हणजे दाबलेल्या पुठ्ठ्याच्या, स्पेसरला खाच पाडून तीत फायबरचे टोक ठेवावे लागते. त्या टोकावर गॅलियम आर्सेनाइडचा बारीक स्फटिक असतो. तापमान वाढते तसा तो शोषत असलेल्या प्रकाशाच्या तरंगलांबीची सीमा सरकते आणि यंत्र तीच वाचते. प्रकाशाचा जोर मोजायचा नसल्याने फायबर थोडे दुखावले तरी आकडा सहसा चुकत नाही. प्रकाश फारच क्षीण झाला की यंत्र सरळ गप्प बसते. काच विजेची वाहक नसल्यामुळेच ती या ठिकाणी नेता येते. एरवी टाकीवरचा डायल तेलाच्या तापमानात भारानुसार अंदाजाची भर घालून वाइंडिंगचे तापमान दाखवतो. साध्या कागदासाठी हॉट स्पॉटचे, म्हणजे वाइंडिंगमधल्या सर्वांत तापलेल्या जागेचे, प्रमाण तापमान 98 अंश धरतात आणि त्याच्या आसपास दर 6 अंश वाढीला कागदाच्या झिजेचा वेग दुप्पट होतो, हे लक्षात घेतले की अंदाज किती महाग पडू शकतो ते कळते.

दाब देताना स्पेसर सरकून टोक चिरडले असावे, असे माझ्या मनाने घेतले. तसे असेल तर वाइंडिंग उकलल्याशिवाय उपाय नव्हता, आणि उकलायला कोणी परवानगी देणार नव्हते. विंडिंग विभागाचे फोरमन, ज्यांना सारा शॉप मामा म्हणतो, ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"साहेब, आतलं काही तुटलं नसंल. खाच मी बघितली होती, टोकाला जागा हाय. भाईर कुठंतरी गळा आवळलाय बघा."

टॉर्च घेऊन आम्ही तो पांढरा फायबर वाइंडिंगच्या माथ्यापासून टाकीच्या भिंतीवर जोडायच्या टोकापर्यंत बोटांनी चाचपत गेलो. एलव्हीच्या लीडला, म्हणजे वाइंडिंगमधून बाहेर येणाऱ्या जोडवाहकाला, तो जिथे बांधला होता तिथे मामांचे बोट थांबले. बाकी सगळीकडे सुती फीत सैल बांधलेली होती; येथे मात्र आकसणारी पॉलिस्टरची फीत होती. हाताशी आली ती वापरून काम उरकणारा मीच होतो. भट्टीच्या उष्णतेने ती आकसली आणि तिने फायबर लीडच्या कडेवर दाबून वाकवला. मी कबूल केले. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी कात्रीचे बोथट टोक आत सारून फीत कापली आणि फायबर बोटाने हलकेच सरळ केला. पडद्यावर आकडा उमटला. मग त्यांनी सुती फितीची गाठ स्वतः मारली आणि ती फायबरवर सैल फिरते की नाही हे मला स्वतःच्या हाताने पाहायला लावले.

क्रेनने कोअर टाकीत सुखरूप उतरवली.

नंतरच्या तापमानवाढ चाचणीत पूर्ण भार बराच वेळ दिल्यावर आठव्या चॅनलचा आकडा 94 वर स्थिरावला, तेव्हा डायल 88 दाखवत होता. मामांनी वही पुढे सरकवली आणि म्हणाले, "दोन्ही लिहा."