फोंडा ते कोइम्बतूर ट्रॅक डे: निघण्याआधी ब्रेकची निपलं बघा

गोव्याहून कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला (आपलीच गाडी रेसिंग ट्रॅकवर पळवायचा दिवस) पहिल्यांदा निघालेल्यांनी बाकी काही नाही केलं तरी एक काम करावं. गॅरेजमधून गाडी ताब्यात घेताना चारही चाकांच्या आत टॉर्च मारून ब्लीड निपल (ब्रेकमधलं ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) बघावं. त्याच्या रबरी टोपीवर तांबडी धूळ जशीच्या तशी बसलेली असेल, तर ब्रेक ऑइल बदललेलं नाही. बॉनेटखालची टाकी वरून भरून दिली आहे, बस्स.

आमच्या तीन गाड्या गेल्या होत्या, त्यातल्या एकीचं नेमकं हेच झालं. 'ट्रॅक पॅकेज' म्हणून बिल १८,५०० रुपये: रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं), एअर फिल्टर, ब्रेक सर्व्हिस. "पात्रांव, ब्रेक ऑइल नवंकोरं घातलंय," हे वर तोंडी. दुसऱ्या सत्राच्या चौथ्या लॅपला (फेरीला) ब्रेकचं पेडल तळाला टेकलं. पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायची जागा) चाक काढून निपल उघडलं तर आतून उकळलेल्या चहाच्या रंगाचं ऑइल आलं, आणि टोपी निघताना बोटांना लागली ती आपल्याकडची लाल माती. साडेनऊशे किलोमीटर ती टोपी कोणी हलवलीच नव्हती.

उपाय फुकटचा आहे. गाडी गॅरेजला टाकण्याआधी प्रत्येक निपल आणि कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) यांच्या सांध्यावर पांढऱ्या पेंट मार्करचा एक ठिपका द्या. निपल फिरलं की ठिपका तुटतो. मागे ड्रम असतील तर निपल ड्रमच्या मागच्या पत्र्यावर असतं, तिथेही ठिपका द्या, कारण मागची चाकं सगळ्यात आधी टाळली जातात. जुनं ऑइल बाटलीत भरून मागा. एक लिटर नवं गेलं तर जवळपास तेवढंच जुनं बाहेर पडायला हवं.

आता हे एवढं का लावून धरलंय? डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकाप्रमाणे ही हद्द १५५ वर येते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, रबरी नळ्यांमधूनही शोषतं, आणि आपल्याकडे चार महिने कपाटातल्या चपलांना बुरशी येते. फोंड्यातली दोन वर्षांची गाडी बाजारात जाण्यायेण्यापुरती ठीक वाटते, पण ट्रॅकवर ती पाणी भरून आलेली असते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल जातं पण गाडी थांबत नाही.

वेगाचं गणितही बघा. १४० वरून ६० वर येताना ब्रेकना जी उष्णता गिळावी लागते ती १०० वरून ६० वर येण्याच्या बरोबर अडीचपट असते. २००३ साली सुरू झालेला कारीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचाच आहे. साध्या हॅचबॅकलाही तेच जोरदार ब्रेकिंग १५ मिनिटांच्या सत्रात आठ-दहा वेळा करावं लागतं आणि मध्ये ब्रेक थंड व्हायला जागाच मिळत नाही.

म्हणून रिमॅप विसरा. त्या पैशात अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या ३०० अंशांच्या वर उकळणारं रेसिंग ऑइल (बाटलीला दीड-दोन हजार) आणि पुढचे बरे पॅड येतात. बजेट नसेल तर सीलबंद डॉट ५.१ घ्या, त्याची किमान कोरडी हद्द २६० आहे. पण डॉट ५ घेऊ नका. नाव सारखं असलं तरी ते सिलिकॉनचं असतं, डॉट ४ मध्ये मिसळत नाही. उघडून ठेवलेली बाटली कोणी प्रेमाने दिली तरी नको.

ब्लीडिंग, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा निपलमधून बाहेर काढणं, स्वतः केलेलं बरं. दोन माणसं, पारदर्शक नळी, बाटलीत नळीचं टोक बुडेल एवढं ऑइल. मास्टर सिलिंडरपासून (पेडलजवळचा, ऑइल दाबणारा) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत बहुधा मागचं डावं. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, मॅन्युअल बघा. पेडल तीनदा दाबून धरायचं, निपल पाव आटा सोडायचं, पेडल खाली जातं, निपल बंद, आणि मगच पाय उचलायचा. हा शेवटचा क्रम चुकला की हवा आत. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन जिथे कधीच जात नाही त्या गंजलेल्या भागात सील घासून फाटतं आणि नवीनच दुखणं सुरू होतं. टाकी मिनच्या रेघेखाली जाऊ द्यायची नाही.

ट्रॅकवर काय बिघडलं ते पायालाच कळतं. पेडल मऊ पडलं आणि दोन-तीनदा मारल्यावर वर आलं, तर ऑइल उकळलंय. पेडल दगडासारखं घट्ट आहे पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड तापलेत. पहिल्यात ब्लीडिंगशिवाय इलाज नाही, थंड झाल्यावर बरं वाटलं तरी पुढच्या सत्रात पुन्हा दगा देणार. दुसऱ्यात दोन लॅप हळू चालवून पॅड सावरतात, मात्र पॅडची जाडी तपासा. दोन्हींत गाडी उभी करताना हँडब्रेक ओढायचा नाही. पहिला गिअर टाकून चाकाला विटा लावा, नाहीतर तापलेला पॅड डिस्कला चिकटून ठसा पडतो आणि परतीच्या वाटेवर ब्रेक मारला की गाडी थरथरत राहते.

रस्त्याचं थोडक्यात. फोंडा, मोले, अनमोड, रामनगर, अळणावर, धारवाड, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर, बंगळूर, होसूर, सेलम, अविनाशी, कोइम्बतूर. पहाटे ४ ला निघून रात्री ९. अनमोड ते रामनगर हा सगळ्या प्रवासातला भिकार तुकडा आहे. इथे स्प्रिंग कापून खाली बसवलेली गाडी नेणाऱ्याला हात जोडून नमस्कार. कारीवर मिळणाऱ्या अर्ध्या सेकंदासाठी अनमोडला सम्प गार्ड (इंजिनखालचा पत्रा) ठोकून घेणं हा वेडेपणा आहे. टाकी गोव्यातच भरा, पेट्रोल पुढे महाग आहे. अनमोडच्या नाक्यावर डिकी उघडायला लावतात, तेव्हा यजमानासाठी फेणी वगैरे नको. हुबळी ते तुमकूर चांगला रस्ता, लिहिण्यासारखं काही नाही. धर्मपुरी-सेलममधल्या तोप्पूर घाटात लांब उतार आणि ट्रकची रांग असते. तिथे खालच्या गिअरवर उतरा. नवे पॅड हलक्या ब्रेकवर तासभर घासत नेले की वरचा थर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पॅड धरत नाहीत. पॅड बसवल्यावर गोव्यातच रिकाम्या रस्त्यावर, मर्यादेत राहून, ८० वरून २० वर आठ-दहा जोरदार ब्रेक मारा, पूर्ण न थांबता. मग पंधरा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालती ठेवून थंड करा.

विमा मिळणार नाही. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादेत रेसिंग, पेस मेकिंग आणि स्पीड टेस्टिंग स्पष्ट वगळलेलं असतं. "ट्रॅक डे म्हणजे रेस नव्हे" हा युक्तिवाद क्लेम नाकारणाऱ्याला ऐकवून बघा. गाडी ठोकली तर खर्च आपला, उचलून न्यायला फ्लॅटबेड आपलाच. तो आधीच ठरवून भाव लिहून घ्या. पॅडॉकमध्ये अडकलेल्या गाडीला सांगितला जातो तो भाव आणि गावातून फोन करून ठरवलेला भाव यांत सरळ दुपटीचा फरक निघाला.

ट्रॅकवर उतरण्याआधीच्या तपासणीत वेळ जातो तो फालतू गोष्टींत. टो हूक (गाडी ओढायचा आकडा) बसवलेला हवा, पायातल्या मॅट काढा, बॅटरीचे टोक टेपने झाका, डिकीतला जॅक आणि स्टेपनी बाहेर. अंगात पूर्ण बाह्यांचं सुती, नायलॉन नको. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं. वेळ मोजल्या जाणाऱ्या स्पर्धेत उतरायचं असेल तर कोणता परवाना आणि कोणतं हेल्मेट लागेल ते त्या स्पर्धेच्या नियमपत्रिकेत आधी वाचा, गेटवर नव्हे. साध्या सीटबेल्टची एक युक्ती: सीट मागे सरकवा, बेल्ट झटका देऊन लॉक करा, तो धरून सीट पुढे घ्या. कंबर जखडते आणि वळणात स्टिअरिंगला लोंबकळावं लागत नाही. निम्म्या लोकांचे हात गाडीला वळवत नसतात, स्वतःला सीटवर टिकवत असतात.

टायरबद्दल पंपावरच्या पोराचं ऐकू नका, नायट्रोजननेही काही होत नाही. थंड असताना ३२ पीएसआय असलेला पुढचा टायर सत्रानंतर ३८-३९ दाखवतो. साधारण साडेपाच अंशांना एक पीएसआय चढतो. साध्या पुढच्या चाकांच्या हॅचबॅकला रस्त्याच्या टायरवर गरम असताना पुढे ३५-३६, मागे एखादा जास्त, इथून सुरुवात करा. टायरच्या खांद्यावर बारीक त्रिकोणाची खूण असते. त्यावर बुटाचं पांढरं पॉलिश फासा. त्रिकोणाच्या पलीकडेही पॉलिश घासलं गेलं तर हवा कमी, त्रिकोणापर्यंत पोचलंच नाही तर जास्त. मोजायचं ते पिटमध्ये आल्याआल्या, चहा पिऊन झाल्यावर नाही. चाकाच्या नटांना टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) लावा, आकडा मॅन्युअलमधला (फोक्सवॅगन पोलोला १२० न्यूटन मीटर), आणि प्रत्येक सत्रानंतर चाक निवलं की पुन्हा.

आता लॅपमध्ये वेळ कुठे जातो ते. सगळे सांगतात ब्रेक उशिरा मार. नवशिक्याला दिलेला याहून वाईट सल्ला नाही. सरळ पट्ट्याच्या शेवटचं वळण घ्या. ब्रेक दहा मीटर उशिरा मारला की ब्रेक आणि स्टिअरिंग एकाच वेळी मागितलं जातं, पुढचे टायर दोन्ही देऊ शकत नाहीत, नाक बाहेर जातं, मग आणखी स्टिअरिंग, आणखी घासणं, आणि थ्रॉटल (अॅक्सिलरेटर) उघडायला वळण संपेपर्यंत थांबावं लागतं. ब्रेकिंगला मिळालेला एक दशांश पुढच्या सरळ पट्ट्यावर तीन-चार दशांशांनी परत जातो. चारशे मीटरच्या पट्ट्यावर निघताना ताशी पाच किलोमीटर जास्त असले तर साधारण एवढाच फरक पडतो.

उलट करून बघा. ब्रेक आहे त्या खुणेच्या दहा मीटर आधी, पण पहिल्याच क्षणी जोरात. गाडी सरळ असतानाच सगळं जोरदार काम उरकायचं. मग स्टिअरिंग जसं वळेल तसा पाय हळूहळू वर. एकदम सोडला की नाक उचललं जातं आणि पुढची पकड जाते. वळणाचा आतला बिंदू वाटतो त्याच्या पुढे ठेवा, म्हणजे बाहेर पडताना स्टिअरिंग सुटत जातं आणि थ्रॉटल वाढत जातो. दुसऱ्या गिअरने चाक नुसतं फिरत असेल तर तिसऱ्यातच राहा. आवाज कमी येतो, वेळ बरी येते. बदल फक्त या एका वळणात करायचा, बाकी लॅप जशीच्या तशी. सहा वळणांत सहा बदल केले तर घड्याळ काय सांगतंय ते कोणालाच कळत नाही.

स्टिअरिंगच्या माथ्यावर पांढऱ्या टेपची एक पट्टी चिकटवा आणि कॅमेरा मागच्या सीटवरून लावा. टेप वळणात किती खाली जाते ते दोन लॅपमध्ये ताडून बघा. जी लॅप जलद, तीत टेप कमी फिरलेली असते. हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा विश्वास बसत नाही. आमच्यातल्या एका गाडीत पाचव्या सत्रात, बाकी काहीही न बदलता, नुसत्या या एका वळणाने सव्वा सेकंद उतरला. त्या सव्वा सेकंदापुढे अनमोडचे सगळे खड्डे माफ.

वेळ मोजायला फोन चालेल, पण ब्रेकची जागा शोधायला नाही. एका सेकंदाला एकच नोंद असेल तर १४० च्या वेगाला दोन नोंदींत ३९ मीटरचं अंतर पडतं. सेकंदाला १० नोंदी देणारा वेगळा जीपीएस घ्या, तो चार मीटरवर येतो. विकत नको असेल तर तिघांत एक पुरतो.

पेट्रोलची टाकी पावच्या खाली नेऊ नका, लांब वळणात पंप हवा ओढतो आणि गाडी अडखळते. लोक तिला इंजिनचा बिघाड समजतात. ट्रॅकवर लिटरला चार-पाच किलोमीटर धरा. शेवटची लॅप हळू, टर्बो असेल तर आल्यावर दोन मिनिटं इंजिन चालू. दुपारी १ ते ३ चं सत्र सोडून दिलंत तरी चालेल, त्या उन्हात गाडीही आणि माणूसही नुसती सुस्कारे टाकतात.

परतीला निघायच्या सकाळी टायरची हवा थंड असताना पुन्हा भरा. ट्रॅकवर गरम असताना ३५ ला आणलेला टायर सकाळी २८-२९ वर आलेला असतो, आणि चार माणसं, स्टेपनी, जॅक घेऊन त्या हवेवर सेलमचा हायवे गाठला तर टायरच्या भिंती तापून फाटतात. रात्रीच निघू नका. पॅडची जाडी बघा, तीन मिलिमीटरच्या आत असेल तर कोइम्बतुरातच बदला, कारण तोप्पूरचा घाट परतीला चढाचा असला तरी घराजवळ येताना अनमोडची उतरण आहे. घरी पोचल्यावर पुन्हा एकदा ब्लीडिंग, निदान पुढची दोन चाकं, आणि निपलांवर नवा ठिपका.