वजनकाट्यावरचा संगणक आणि डीबग कर्नल: माझा अनुभव

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर लिनक्सवर चालणारा एक औद्योगिक संगणक आहे. काट्याचं वजन एक यूएसबी कार्ड वाचतं, आमचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलणारा प्रोग्राम, ठरावीक अंतराने त्या कार्डाकडून आकडा घेतो आणि पावती छापली जाते. संगणक यूपीएसवर आहे, पण कार्डाचा पुरवठा थेट लायनीवरून येतो. वीज गेली की कार्ड नाहीसं होतं, वीज आली की पुन्हा हजर होतं. आणि वीज आल्यावर, कधी लगेच तर कधी बऱ्याच वेळाने, अख्खा संगणक कोसळायचा. गाळप जोरात असताना काटा थांबला तर उसाच्या ट्रॉल्यांची रांग बघता बघता फाटकाबाहेर जाते. त्यामुळे ‘रीस्टार्ट करा’ हे उत्तर कुणालाच पटण्यासारखं नव्हतं.

तिथून आलेल्या फोटोंमध्ये दर वेळी कर्नल (लिनक्सचा गाभा) वेगळ्याच ठिकाणी पडलेला दिसायचा. एकदा फाइल सिस्टिममध्ये, एकदा नेटवर्कच्या कोडमध्ये, एकदा टायमरमध्ये. आमच्या ड्रायव्हरचं नाव कुठेच नाही. असं दिसलं की मला आधी मेमरीचा संशय येतो: कुणीतरी परत केलेल्या जागेत अजून हात घालतंय आणि त्याची शिक्षा भलत्यालाच होतेय.

ऑफिसात तसाच संगणक टेबलावर मांडला आणि कार्डाचा पुरवठा तोडा-जोडायला एक रिले (विजेवर चालणारा स्विच) लावला. संगणकाला सीरियल पोर्ट होता, त्यामुळे कर्नलचा सगळा लॉग ११५२०० बॉडने दुसऱ्या मशिनवर उतरवून घेता आला. हे मी नेहमी सगळ्यात आधी करतो. कर्नल मरताना जे शेवटचं बोलतो ते डिस्कवर पोचेलच असं नाही, सीरियलवर मात्र बहुतेक वेळा पोचतं.

दुसरी गोष्ट अशी, की कर्नल नव्याने बिल्ड न करताही बरंच काही कळतं. बहुतेक डिस्ट्रोंच्या कर्नलमध्ये स्लब डीबगचा, म्हणजे मेमरीच्या देण्या-घेण्यातल्या चुका पकडणारा, कोड आधीच असतो, फक्त झोपलेला असतो. बूट पॅरामीटरमध्ये ‘स्लब_डीबग’ला एफ, झेड, पी, यू ही अक्षरं दिली की तो जागा होतो. मग परत केलेल्या मेमरीवर कर्नल ६बी हा बाइट भरून ठेवतो. रिले फिरत राहिला आणि पुढच्या क्रॅशमध्ये प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये ओळीने ६बी६बी६बी६बी६बी६बी६बी६बी दिसलं. म्हणजे परत केलेल्या जागेतून कुणीतरी पॉइंटर (मेमरीतला पत्ता) उचलला होता. संशय खरा होता. जागा कुणाची आणि ती कुणी परत केली, हे मात्र अजून कळायचं होतं. त्यासाठी आपला कर्नल बांधणं आलं.

बिल्डसाठी मी डिस्ट्रोचा बूट फोल्डरमधला कॉन्फिग (कुठले ऑप्शन चालू, कुठले बंद याची फाइल) घेतला आणि ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ चालवलं. त्या क्षणी लोड झालेली मोड्यूल्सच (कर्नलचे वेगळे लोड होणारे भाग) ते ठेवतं, बाकीची बंद करतं, त्यामुळे बिल्डचा वेळ फार कमी होतो. मात्र ते चालवण्याआधी कार्ड, प्रिंटर, पेन ड्राइव्ह, जे जे लागणार ते सगळं जोडलेलं हवं. उबुंटूचा कॉन्फिग असेल तर आणखी एक अडचण येते: त्यात कॅनॉनिकलच्या सर्टिफिकेट फाइलचा पत्ता लिहिलेला असतो, ती फाइल मूळ सोर्समध्ये नसते आणि बिल्ड तिथेच अडतो. ‘सिस्टिम ट्रस्टेड कीज’ हा ऑप्शन, आणि नव्या आवृत्त्यांत ‘सिस्टिम रिव्होकेशन कीज’ही, रिकामा केला की काम पुढे सरकतं.

मग ‘कर्नल हॅकिंग’ हा मेन्यू. नवखा माणूस तिथे गेला की गांगरतो, कारण ऑप्शनांची रांग संपत नाही आणि हवा तो नेमका दिसत नाही. न दिसण्याचं कारण बहुधा एकच असतं: त्याच्या आधीचा कुठला तरी ऑप्शन बंद आहे. मेन्यूमध्ये तिरकी रेघ दाबून नाव शोधलं की ‘डिपेंड्स ऑन’ या ओळीत नक्की काय कमी आहे ते लिहिलेलं असतं. कमांड लाइनवरून ‘स्क्रिप्ट्स/कॉन्फिग’ने ऑप्शन चालू करणाऱ्यांनी तर फारच जपायला हवं. ती स्क्रिप्ट अवलंबून असलेल्या गोष्टी तपासत नाही, फाइलमध्ये ओळ लिहून मोकळी होते. मग ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ येतं आणि ज्याच्या अटी पुऱ्या होत नाहीत ती ओळ गुपचूप काढून टाकतं. म्हणून ओल्डडेफकॉन्फिगनंतर मी प्रत्येक ऑप्शन फाइलमध्ये ग्रेपने शोधून बघतोच. तासभराचा बिल्ड संपल्यावर तो ऑप्शन मुळात नव्हताच हे कळण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

सगळ्यात आधी डीबग इन्फो, म्हणजे कोडमधली जागा सोर्सच्या ओळीशी जोडणारी माहिती. अनेकांना वाटतं याने कर्नल मंदावतो. तसं होत नाही. ही माहिती डिस्कवर पडून असते, चालणाऱ्या कोडला ती अडवत नाही. किंमत मोजावी लागते ती बिल्डच्या वेळात आणि जागेत. मोड्यूल्स फुगतात, ती इनिटरॅमएफएसमध्ये (बूट होताना लागणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्यात) शिरतात आणि बूटचं छोटं पार्टिशन भरून जातं. यावर उपाय म्हणजे मोड्यूल्स इन्स्टॉल करताना ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप’ला १ देणं. यंत्रावर सडपातळ मोड्यूल्स जातात आणि पूर्ण माहिती बिल्डच्या फोल्डरमध्ये राहते. तिथली ‘व्हीएमलिनक्स’ फाइल मी प्रत्येक बिल्डगणिक नाव देऊन जपून ठेवतो. पुढे ‘डीकोड_स्टॅकट्रेस’ स्क्रिप्टला तीच द्यावी लागते, आणि ती त्याच बिल्डची असावी लागते. तेव्हाच ट्रेसमधल्या (क्रॅशच्या वेळी चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीतल्या) नावांपुढे सोर्स फाइल आणि ओळीचा नंबर भरवशाचा येतो.

पहिल्या डीबग कर्नलसाठी कर्नलच्याच कागदपत्रांतली पॅच पाठवण्याआधीची तपासयादी घेतली. स्लब डीबग, म्युटेक्स आणि स्पिनलॉक या लॉकची (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलुपांची) तपासणी, ॲटॉमिक स्लीप, प्रूव्ह आरसीयू वगैरे सगळे ऑप्शन एकदम चालू ठेवून कोड तपासा, असं ती सांगते. प्रूव्ह आरसीयूला लॉकडेप, म्हणजे लॉक धरण्याचा क्रम तपासणारं हत्यार, चालू लागतं, म्हणून तेही आलं. याच्या जोडीला डीबग ऑब्जेक्ट्स (टायमरसारख्या गोष्टी चालू आहेत की बंद यावर नजर ठेवणारा ऑप्शन) आणि त्याखालचे फ्री, टायमर आणि वर्क हे ऑप्शन घेतले.

हा कर्नल टाकला आणि क्रॅश थांबला! रिले टकटक करतोय, कार्ड येतंय-जातंय, संगणक ठणठणीत. इतके ऑप्शन चालू असले की यंत्र मंदावतं, वेळा सरकतात आणि रेस (दोन कामांच्या वेळा जुळल्या तरच घडणारी चूक) लपते, असं आपण म्हणतो आणि ते बऱ्याचदा खरंही असतं. पण इथे लॉग नीट वाचल्यावर वेगळंच निघालं. मध्येच एक वॉर्निंग होती, ‘ओडीबग: फ्री ॲक्टिव्ह’, ऑब्जेक्टचा प्रकार ‘टायमर_लिस्ट’, आणि इशारा ‘डिलेड_वर्क_टायमर_एफएन’. म्हणजे ज्या मेमरीत चालू टायमर बसलाय तीच मेमरी कुणीतरी परत करतोय. आणि डीबग ऑब्जेक्ट्स नुसतं ओरडून थांबत नाही, नुकसान टळावं म्हणून तो टायमर स्वतःच काढून टाकतं. क्रॅश थांबला होता तो त्यामुळे. तपासणाऱ्यानेच जखम बांधून टाकली होती. मला हा ऑप्शन फार मोलाचा वाटतो, कारण बाकीची हत्यारं चूक घडून गेल्यावर बोलतात, हे चूक घडण्याच्या क्षणीच बोट ठेवतं. पण ‘क्रॅश होत नाही’ एवढ्यावरून कर्नल बरा झाला असं समजणाऱ्याला तो सहज चकवेल.

काट्यावरचे क्रॅश याच कारणाने होत होते का, हे पक्कं करायला दुसरा कर्नल बांधला: कासान (मेमरीला चुकीच्या जागी हात लागला की सांगणारं हत्यार) चालू, डीबग ऑब्जेक्ट्स आणि लॉकडेप बंद. कासान २०१५ मध्ये ४.० या आवृत्तीत आलं. त्याचा जेनेरिक प्रकार मेमरीच्या दर ८ बाइटांमागे १ बाइटची नोंदवही ठेवतो, म्हणजे एकूण मेमरीचा आठवा हिस्सा तिकडे जातो. आमच्या ४ जीबीच्या संगणकात अर्धा जीबी गेला. चालतं. कंपायलर प्रत्येक वाचण्या-लिहिण्याआधी तपासणीचा कोड घालतो, त्यामुळे आमचा ड्रायव्हरही याच कॉन्फिगवर पुन्हा बिल्ड करावा लागला. लॉकडेप वेगळं ठेवण्याचं कारण साधं आहे. कासानने एकदा रिपोर्ट दिला की कर्नलवर टेंट (आता भरवसा नाही अशी खूण) लागतो आणि लॉकडेप त्याच क्षणी बंद होतं. एकाच बूटमध्ये दोघांकडून उत्तर मिळत नाही.

रिले फिरायला लागल्यावर थोड्याच वेळात रिपोर्ट आला. कासानचे असे रिपोर्ट मी खालून वर वाचतो. वरचा ट्रेस टायमरच्या कोडमधला होता, त्यात आमचं काहीच नाही. त्याच्या खाली ‘अलोकेटेड बाय’ आणि तिथे आमच्या ड्रायव्हरचं प्रोब, म्हणजे कार्ड सापडल्यावर चालणारं फंक्शन. त्याखाली ‘फ्रीड बाय’, आणि तिथे डिस्कनेक्ट, म्हणजे कार्ड गेल्यावर चालणारं फंक्शन, संपलं की डेव्हरेस ही कर्नलमधली सोय आपोआप मेमरी सोडते तो रस्ता. एवढ्यात सगळं चित्र उभं राहिलं. ड्रायव्हरने आपली सगळी माहिती ‘डेव्हएम’ प्रकारच्या मेमरीत ठेवली होती, ती डिस्कनेक्ट संपल्यावर आपोआप सुटते. आकडा वाचणारं डिलेड वर्क (टायमर लावून नंतर चालवायचं काम) प्रत्येक वाचनानंतर स्वतःलाच पुन्हा रांगेत लावत होतं. डिस्कनेक्टमध्ये ‘कॅन्सल_डिलेड_वर्क’ होतं, पण ते चालू असलेलं काम संपेपर्यंत थांबत नाही. वीज जाताना वर्क नेमकं चालू असेल तर रद्द करण्यासारखं रांगेत काही नसतं, डिस्कनेक्ट पुढे निघून जातो, मागून वर्क पुन्हा टायमर लावतो आणि मेमरी सुटते. तो टायमर कर्नलच्या यादीत अडकलेलाच राहतो. ती जागा मग फाइल सिस्टिमला मिळो की नेटवर्कला, टायमर यादीतून सुटताना तिथेच लिहून जाणार. दर वेळी पडण्याची जागा वेगळी का, त्याचं उत्तर हे.

उपाय कुणालाही सुचेल असाच: ‘कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक’. तो चालू काम संपेपर्यंत थांबतो आणि स्वतःला रांगेत लावणारं कामही आवरतो. बदल केला, कासान गप्प झालं. मग तोच ड्रायव्हर पहिल्या, लॉकडेपवाल्या कर्नलवर चालवला. पाठोपाठ सीरियलवर ओळ आली: ‘पॉसिबल सर्क्युलर लॉकिंग डिपेंडन्सी डिटेक्टेड’. डिस्कनेक्ट ड्रायव्हरचा म्युटेक्स हातात धरून वर्क संपायची वाट बघत होता आणि वर्कला काम संपवायला तोच म्युटेक्स हवा होता. दोघे एकाच क्षणी समोरासमोर आले असते तर दोघेही कायमचे अडकले असते. ते समोरासमोर आलेच नव्हते, तरी लॉकडेपला कळलं, कारण कोण कशाच्या नंतर काय धरतो याचा क्रम ते नोंदवत जातं आणि एकेक क्रम एकेकदा दिसला तरी त्याला पुरतं. इंगो मोलनार आणि अर्यान व्हान डे व्हेन यांनी लिहिलेलं हे काम २००६ मध्ये २.६.१८ या आवृत्तीत आलं. वर्कक्यूच्या वाट बघण्यालाही ते लॉकसारखंच मोजतं म्हणून आम्ही वाचलो. हा डेडलॉक काट्यावर झाला असता तर यूएसबी हबचं काम जागीच थिजलं असतं, म्हणजे परत आलेलं कार्ड ओळखलंच गेलं नसतं, आणि संगणक वरवर चालू दिसला असता.

शेवटी डिस्कनेक्टमध्ये म्युटेक्स धरून ‘कार्ड गेलं’ एवढा फ्लॅग लावायचा, म्युटेक्स सोडायचा आणि मग सिंकने थांबायचं असं केलं. वर्क सुरुवातीलाच फ्लॅग बघतो आणि परत फिरतो. दोन्ही कर्नलांवर रिले रात्रभर चालला. लॉकडेप पहिल्या रिपोर्टनंतर स्वतःला बंद करून घेतं, म्हणून नुसती शांतता पुरेशी नव्हती. लॉगमध्ये ‘डिसेबलिंग लॉक डीबगिंग’ अशी ओळ कुठे नाही हेही बघितलं. लॉकडेप भरवशाचं राहायला हवं तर जीपीएल नसलेलं मोड्यूलही लोड झालेलं नको, त्यानेही ते बंद पडतं.

काट्यावर यातला एकही कर्नल गेला नाही. तिथल्या संगणकाला इतका भार झेपणार नाही आणि पावतीला उशीर झालेला चालकांना चालणार नाही. तिथल्या कॉन्फिगमध्ये डीबग इन्फो ठेवली आणि मेमरीच्या चुका पकडणारं केफेन्स चालू केलं. हे २०२१ मध्ये ५.१२ मध्ये आलं. ते सगळ्या मेमरीवर पहारा देत नाही. साधारण १०० मिलिसेकंदांतून एकदा एखादं अलोकेशन उचलून पहाऱ्याच्या पानांमध्ये ठेवतं, म्हणून भार नगण्य. एका यंत्रावर ते महिनोन्महिने गप्प राहू शकतं, पण बसवलेली यंत्रं बरीच असतील तर कुठे ना कुठे सापडतंच. सोबत हंग टास्कची (अडकून पडलेल्या कामाची) १२० सेकंदांची तपासणी ठेवली आणि पॅनिक (कर्नल कोसळणं) झाल्यास १० सेकंदांनी आपोआप रीबूट. शेवटचा लॉग रीबूटनंतरही हाती लागावा म्हणून पीस्टोर चालू केलं.

आता तिसरा कर्नल टेबलावर आहे: केसीसॅन, म्हणजे दोन धागे एकाच जागी लॉकशिवाय लिहितात-वाचतात का ते बघणारं. कासानबरोबर ते बांधताच येत नाही, म्हणून हा बिल्ड वेगळा. त्याने आमच्या ड्रायव्हरमध्ये एक जागा दाखवली आहे. वर्क म्युटेक्स धरून शेवटचं वजन लिहितं, पण वाचताना म्युटेक्स घेतलेला नाही. तिथे ‘रीड_वन्स’ आणि ‘राइट_वन्स’ (एकेका फील्डचं वाचणं-लिहिणं एका दमात करून घेणारे मॅक्रो) पुरेल की वाचणाऱ्यालाही म्युटेक्स घ्यायला लावायचा, यावर आमच्यात अजून चर्चा चालू आहे. माझं मत म्युटेक्सच्या बाजूने आहे, कारण वजन आणि त्याची वेळ ही दोन फील्डं आहेत आणि पावतीवर ती एकमेकांना धरूनच यायला हवीत.