ब्लास्टर लगेच ठरला, अडलं कॉम्प्रेसरच्या सीएफएमवर

जुन्या जीपचा गंज काढायला मला ब्लास्टर घ्यायचा होता, म्हणजे दाबाच्या हवेने वाळूसारखे कण मारणारं यंत्र. त्याला हवा पुरवायला कॉम्प्रेसर लागतो. तो विकणाऱ्याला एवढंच विचारून बघा, “नव्वद पीएसआयला हा खरी हवा किती देतो?” म्हणजे त्या दाबाला मिनिटाला किती घनफूट, किती सीएफएम. सांगली-मिरजेत मला याचं सरळ उत्तर कुणी दिलं नाही. “काका, तीन एचपी हाय की.” “टाकी बघा केवढी हाय.” “समदे गॅरेजवाले हेच नेत्यात.” अहो, टाकी हवा साठवते, तयार करत नाही. चाकात हवा भरायला किंवा रंगाच्या गनला चालतं ते. ब्लास्टिंगला हवा अखंड लागते. नोझल, म्हणजे कण फेकणारी तोटी, मोठं असेल तर पन्नास लिटरची टाकी अर्ध्या मिनिटात बसते आणि मग मोटर तापत राहते, आपण टाकी भरायची वाट बघत उभं राहायचं.

गाडी म्हणजे आमची जुनी महिंद्रा एमएम ५४०. २०१९ च्या पुरात गावभागात पाण्याखाली गेली, नंतर शेडमध्येच पडून होती. गंज चासीच्या कानाकोपऱ्यांत शिरलेला. ग्राइंडरला वायर ब्रश लावून वरवर चकाकी येते, खड्ड्यांतला गंज तसाच राहतो. कुपवाड, शिरोलीकडे ब्लास्टिंग करून मिळतं, पण मला एकेक सुटा भाग घरीच सवडीने करायचा होता.

ब्लास्टरची निवड सोपी होती. बंद पेटीसारख्या कॅबिनेटमध्ये चासी मावत नाही. वाळू ओढून घेणारी सायफन गन स्वस्त असते, पण जाड गंजावर तिचं काम फार हळू चालतं. म्हणून चाळीसेक लिटरचा प्रेशर पॉट, म्हणजे कण दाबाखाली ढकलणारं बंद भांडं, ठरवला. खरा प्रश्न नोझलचा होता. ऐंशी पीएसआयला ३ मिलिमीटरचं नोझल साधारण १५ सीएफएम हवा खातं, २ मिलिमीटरचं साडेसहा-सातच्या आसपास. घरच्या सिंगल फेजवर पंधरा विसराच. आणि ३ चं नोझल झिजून ४ झालं की हवा जवळजवळ पावणेदोन पट लागते, तेव्हा सिरॅमिकपेक्षा टंगस्टन कार्बाइडचं घ्या. थोडे पैसे जातात, पण टिकतं.

आता माझं डोकं फिरलं ते सांगतो. एका विक्रेत्याचा ऑनलाइन चौकशी अर्ज भरला. त्यात कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर सक्तीचे. मी निवृत्त माणूस, जीप दुरुस्त करतोय, माझा कसला जीएसटी नंबर? रकाना रिकामा ठेवला की अर्ज पुढे सरकत नाही. फोन केला तर “सर, टेक्निकल टीम कॉल करेल.” ती टीम अजून यायची आहे. दुसऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर कॅटलॉग पाठवला, त्यात १२ सीएफएम. मी विचारलं, हे पिस्टन डिस्प्लेसमेंट की प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा? दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर नाही. पिस्टन एका मिनिटात किती जागा झाडतो त्याचा तो आकडा. टाकीत दाब चढला की प्रत्यक्ष हवा त्याहून बरीच कमी मिळते, आणि मशीनच्या पाटीवर मात्र मोठा आकडा ठोकलेला.

शेवटी उत्तर मीच काढलं, दुकानात उभं राहून. दुकानदाराला म्हटलं, मशीन चालू करा, आउटलेटचा कॉक बंद ठेवा. टाकी १६० लिटरची. दाबाचा काटा सहा किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला, नव्वद पीएसआय याच्या जरासंच वर) आला तसा मोबाइलचं स्टॉपवॉच दाबलं, सातवर थांबवलं. चाळीस सेकंद. दाब एक किलोने वाढला म्हणजे टाकीएवढी, १६० लिटर, बाहेरची हवा आत गेली. मिनिटाला २४० लिटर. एक सीएफएम म्हणजे २८.३ लिटर, भाग द्या, साडेआठ. पाटीवर बारा! दुकानदार म्हणाला, “आजवर कुनी असलं मोजलं नव्हतं बघा.” मग लगेच, “बिल पायजे का काका?” पायजे म्हणजे, वॉरंटी काय तोंडी देणार?

साडेआठवर २ मिलिमीटरचं नोझल आरामात चालतं, म्हणून तोच तीन एचपी घेतला. छाती फुगली, खोटं कशाला बोलू. तुम्हीही काटा आणि घड्याळ घेऊनच जा, कुणी तोंड वाकडं केलं तर करू दे.

वायरिंगचं राहिलंच. तीन एचपीची मोटर सुरू होताना करंट फार ओढते, घरच्या साध्या प्लगवर लावू नका. वायरमनकडून मीटरपासून वेगळी जाड वायर आणि एमसीबी घ्या.

नदीची वाळू फुकट मिळते म्हणून भरू नका. फुटलेल्या वाळूची सिलिका फुप्फुसात बसते, ब्रिटनने तर १९५० पासून ओतकामाला वाळूचं ब्लास्टिंग बंद केलंय. गार्नेट वापरा, म्हणजे एका कठीण खनिजाचे बारीक कण. व्यापारी टनाच्या खाली बोलत नाहीत, पण वॉटरजेट कटिंगवाल्यांकडे ८० मेशचं (बारीक दाण्याचं) गार्नेट पंचवीस किलोच्या गोणीत असतं. गोडीने विचारलं तर एखादी देतात. गार्नेट असलं तरी रंगाची आणि गंजाची धूळ उडतेच, तेव्हा चांगला रेस्पिरेटर हवाच, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी येतं आणि गार्नेटचे गोळे होऊन नोझल तुंबतं. वॉटर ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटून लावू नका. मध्ये लांब पाइप टाका, हवा गार होऊ दे, मग ट्रॅप. टाकीचा तळाचा कॉक रोज सोडा.

बॉनेट आणि दारांचे पत्रे मी ब्लास्टरखाली धरले नाहीत. जोराच्या माऱ्याने पातळ पत्रा फुगतो आणि मग डेंटरलाही आवरत नाही. तिथे पेंट रिमूव्हर. चासी, ब्रॅकेट, रिम बिनधास्त करा, फक्त झाल्यावर उघड्या हाताने शिवू नका आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. पावसाळी हवेत तर तासाभरात.