डुगडुगतो का, ते आधी सांगा

क्लिकची तक्रार आली की मी आधी लॅपटॉप टेबलावर का ठेवायला लावतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "एकदा दाबलं की दोनदा क्लिक होतं", "फाईल उचलली की सुटतच नाही", "हात न लावता क्लिक होतंय" अशी तक्रार घेऊन नात्यागोत्यातलं कुणीही आलं, की मी आधी म्हणतो, लॅपटॉप बंद करा, सपाट टेबलावर ठेवा आणि डुगडुगतो का बघा. लोक वैतागतात. बटणाचं विचारलं तर हा टेबलाचं काय घेऊन बसलाय? परवा एक मित्र म्हणाला, तू लोकांना उगाच घाबरवतोस.

उगाच नाही. दोष बहुतेक वेळा साधाच असतो, हे मलाही ठाऊक आहे. वेगळा जोडलेला माऊस एकाचे दोन क्लिक करत असेल तर त्याच्या आतला मायक्रोस्विच, म्हणजे बटणाखालचा छोटा स्विच, गेलेला असतो. बटण दाबल्यावर त्यातली धातूची पातळ पट्टी टेकताना क्षणभर थरथरते. नव्या माऊसचीही थरथरते, म्हणून आतली चिप काही मिलिसेकंद थांबून मगच क्लिक मोजते. पट्टी झिजली की थरथर लांबते आणि दोन क्लिक मोजले जातात. मुळात विंडोज ५०० मिलिसेकंदांच्या आतले दोन क्लिक म्हणजे डबल क्लिक धरतं, त्यामुळे फोल्डर नुसता निवडायला जावं तर उघडतो. अशा वेळी सेटिंगमध्ये शोधत बसू नका, स्विच बदला नाहीतर माऊस बदला. उचललेली फाईल सुटत नसेल तर कुणी 'क्लिकलॉक' (बटण सोडलं तरी दाबलेलंच धरणारी विंडोजची सोय) चालू केलंय का तेवढं बघा. तोच माऊस दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाहिला की दोष कुणाचा ते कळतं. हे सगळं मला तेव्हाही येत होतं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं.

माझी मोठी बहीण साताऱ्यात शिक्षिका आहे. गणपतीच्या सुमारास तिचा फोन आला. एक्सेलमध्ये मुलांचे गुण भरताना बाण जरा खाली नेला की वीस-पंचवीस चौकोन आपोआप निवडले जायचे. एकदा तर अख्ख्या वर्गाचे गणिताचे गुण भलत्याच रकान्यात जाऊन पडले. "मी बटणाला हातसुद्धा लावत नाही रे," ती म्हणाली. मी इकडून तिचा स्क्रीन बघितला, टचपॅड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, काढून पुन्हा टाकला, टचपॅडची सेन्सिटिव्हिटी कमी केली. फरक पडेना. मग मी म्हणालो, "ताई, तुझा हात जड पडतोय. आणि बांगड्या काढून बसत जा, त्या टेकत असतील."

ती तीन आठवडे बांगड्या काढून बसली. तरी तेच. मग मी तिला माऊस घ्यायला लावला. माऊस नवा, तरी चौकोन निवडले जातच होते. म्हणजे दाबलं जाणारं बटण दुसरंच, टचपॅडचं होतं, हे मला तेव्हा कळलं. कळलं म्हणूनच मी सेटिंगमधून टचपॅड बंद केला आणि दोष तत्काळ गेला. ताई खूश झाली. "झालं काम," असं मी म्हणालो. शब्द अजून आठवतात.

दिवाळीत साताऱ्याला गेलो. ताई चकल्या तळत होती, मी तिच्या टेबलापाशी बसलो. लॅपटॉपच्या शेजारी स्टीलची वाटी होती आणि वाटीत तिच्या दोन सोन्याच्या बांगड्या. टचपॅड बंद असताना अजून कशाला काढतेस, असं विचारलं तर आतून म्हणाली, "तूच सांगितलं होतंस ना." लॅपटॉप जवळ ओढला तर तो टेबलावर डुगडुगला. झाकण मिटलं तर दोन्ही कोपऱ्यांना फट राहिली. टचपॅडची पुढची कड इतकी वर आली होती की खाली नख जात होतं. तळावर हात फिरवला तर मधोमध फुगवटा.

बॅटरी फुगली होती. त्या टचपॅडच्या खाली एकच स्विच असतो आणि त्याच्याही खाली बॅटरी. ती फुगून स्विच दाबून धरत होती. चार्जर काढला, लॅपटॉप बंद केला आणि रात्रभर गॅलरीत मोकळ्या फरशीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने तळ उघडला तेव्हा बॅटरीच्या चपट्या पिशव्या उशीसारख्या झाल्या होत्या. तो स्क्रू अगदी हळू काढत होता आणि मला मागे उभं राहायला सांगत होता. अशा बॅटरीत गॅस धरतो, उष्णतेने आणि कायम शंभर टक्के चार्ज ठेवल्याने ते लवकर होतं. चिरली, टोचली तर पेट घेते. ताई लॅपटॉप रात्रभर चार्जरला लावून पलंगावर गोधडीवर ठेवायची, शेजारी भाचा झोपायचा. बिघाडाची एकच खूण बाहेर दिसत होती, आणि ती मी सेटिंगमधून बंद करून टाकली होती.

मी अजूनही स्वतःशी वाद घालतो. फोनवरून फुगवटा कसा दिसणार होता? चार्ज तीन तास टिकत होता, कुठली सूचना येत नव्हती. आणि गोधडीवरचा लॅपटॉप डुगडुगतो का, हे विचारून तरी काय कळलं असतं? हे सगळं खरं आहे. पण "मी बटणाला हातसुद्धा लावत नाही" हे ती पहिल्याच मिनिटाला म्हणाली होती. अगदी बरोबर सांगत होती. मी तिचा हात जड ठरवला. ड्रायव्हरवर संशय घेताना मला जेवढा विचार करावा लागला, तेवढाही तिच्या हातावर घेताना करावा लागला नाही.

म्हणून टेबल. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. कुणी घाबरत असेल तर घाबरू दे.

बॅटरी नवी घातली, ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबेल असं लावून दिलं, टचपॅड पुन्हा चालू केला. ताई म्हणते, सोड रे आता. कामाला बसताना बांगड्या मात्र अजून वाटीत काढून ठेवते. गरज नाही म्हणून मी दोनदा सांगितलं. "असू दे," म्हणते.