मशीनच करतंय, मग तुम्ही काय करता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी लाकडात कोरीवकाम करते, आता बरंचसं मशीनवर. प्रदर्शनात विचारतात, लग्नात विचारतात, परवा गणपती पेठेत गूळ घेताना विचारलं. पूर्वी माझं उत्तर पाठ होतं: पटाशी तशी मशीन, दोन्ही हत्यारंच. विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं. माझंही व्हायचं, त्याची आता लाज वाटते.

फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानानं ११ दिवस फिरून रडारनं जमिनीची उंची मोजली. ती मोजणी फुकट मिळते. तिच्यावरून सांगलीच्या आयर्विन पुलापासून हरिपूरच्या संगमापर्यंतचं कृष्णेचं वळण मी सागवानात उतरवलं. कुपवाडच्या ज्या राउटरवर, म्हणजे लाकूड कोरायच्या मशीनवर, दरवाज्यांची नक्षी आणि देव्हाऱ्याच्या जाळ्या निघतात, त्याच राउटरवर. त्या मोजणीत उंचीची चूक १६ मीटरपर्यंत धरलेली असते. २०१९ ला पुलाच्या पट्टीवर ५७ फूट पाणी होतं, म्हणजे साधारण १७ मीटर. अख्खा महापूर जवळजवळ त्या चुकीत मावतो! शिवाय आपला मुलूख ताटासारखा. उंची दहापट फुगवल्याशिवाय लाकडावर काही दिसतच नाही. फुगवली मी. कुणाला सांगितलं नव्हतं.

आप्पा फळा बघायला आले. चष्मा काढला, बोट पुलावर टेकवलं आणि चालायला लागले. घाट, विहीर, वड... फळ्यावर यातलं काहीच नव्हतं, तरी पुटपुटत होते. एका जागी बोट थांबलं. मागं आलं. परत गेलं.

"मळी कुठाय गं?"

आमची मळी, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, २००५ ला अर्धी आणि २०१९ ला उरलेली नदीनं नेली. पण मोजणी झाली तेव्हा ती होती. मी मशीनची बाजू घेतली. मोजणीतला एक ठिपका ३० मीटरचा चौरस, म्हणजे जवळपास ९ गुंठे. आपली मळी ११ गुंठे. फळ्यावर ती वाटाण्याएवढी, शेजारच्या उतारात मिसळून गेली. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"सातबाऱ्यावर अजून हाय की."

त्या रात्री मी पटाशी घेतली. कोरून उंची वाढवता येत नाही, म्हणून भोवतीचं लाकूड खाली घेतलं आणि मळी वर आणली. किती दिवसांनी हात असा चालला होता; खोटं कशाला बोलू, आनंद झाला. तुम्हा सगळ्यांना हेच दाखवायचं होतं, मी काय करते ते.

सकाळी आप्पांनी अंगठा फिरवला. बराच वेळ.

"एवढी उंच असती तर गेली असती व्हय?"

चष्मा लावला आणि चहाला गेले.

मशीनला दिसली नाही, मला जास्त दिसली. दोन्ही हत्यारंच म्हणणाऱ्या बाईला यातलं कुठलं चुकलं ते सांगता येईना. फाईल आहे, पुन्हा चालवली की बिनमळीचा फळा निघेल. दोन्ही शेजारी मांडावेत असं वाटतं. मग वाटतं, ही पण प्रदर्शनाचीच युक्ती. फळा विकलेला नाही. दोन गिऱ्हाइकं आली होती, दोघांनीही 'हाताचं की मशीनचं' हेच विचारलं.

आप्पांनी ते अजून विचारलेलं नाही. काल फक्त म्हणाले, पॉलिशपेपर कुठं ठेवलायस.