ओकणाऱ्या माणसाचं पुढे काय झालं

‘मिशन: इम्पॉसिबल’चा आठवा भाग बघायला गेलो तेव्हा खिशात रुमाल आठवणीने घेतला होता. टॉम क्रूझला निरोप द्यायचा म्हणून. १९९६ साली पहिला भाग आला तेव्हा तो ३३ वर्षांचा होता आणि मी दहावीत. आठवा आला तेव्हा तो ६२चा आणि माझ्या नाकावर चाळिशी. पण तो विमानाला लोंबकळत होता तेव्हा मी निवांत पॉपकॉर्न खात होतो. रुमाल निघाला तो भलत्याच माणसासाठी.

पहिल्या भागातला तिजोरीचा प्रसंग आठवतोय ना? पांढरी खोली, वरून दोराला उलटा टांगलेला टॉम, चष्म्यावरून ओघळणारा घामाचा थेंब. त्या खोलीत काम करणारा विल्यम डॉनलो नावाचा एक साधा कर्मचारी होता. टॉमची माणसं त्याच्या कॉफीत काहीतरी मिसळतात आणि तो बिचारा ओकायला बाथरूमकडे पळत सुटतो. परत येतो तर टेबलात सुरी रुतलेली! दोर धरणाऱ्याच्या हातून निसटलेली. मग साहेबाचा हुकूम: याला अलास्काला पाठवा. संपलं. मी आणि दादा त्या ओकण्यावर इतके हसलो होतो की पुढचे दोन संवाद हुकलेच.

मधल्या वर्षांत मीही एकदा दुसऱ्याच्या चुकीपायी बदली भोगली. तीन वर्षं. (त्याचं रडगाणं इथे नको.) तेव्हाही डॉनलो आठवला नाही, हे खरं.

आणि २०२५च्या या भागात अचानक तो समोर! तोच नट, रॉल्फ सॅक्सन. बेरिंग समुद्रातल्या एका बेटावर, केस पांढरे, सोबत बायको. ती त्याला तिकडेच भेटलेली. मला वाटलं, आता हा टॉमची कॉलर धरणार. धरायलाच हवी होती! तर त्याच्या मनात रागच नाही. जपून ठेवलेली ती सुरी तो परत करतो. २९ वर्षं एका पटकथेत हा माणूस विनोद म्हणून पडून होता, आणि कुणीतरी त्याची चौकशी केली.

बाकी सिनेमा लांबलाय. पहिला तासभर तर जुन्या भागांची उजळणीच चालते. आठही भागांत असलेला टॉमचा साथीदार ल्यूथर जातो तेव्हा घसा दाटला, नाही म्हणत नाही. पुढच्याच महिन्यात मूळ धून बांधणारे लालो शिफ्रिनही गेले. तो पाच मात्रांचा ठेका त्या दिवशी दिवसभर मी बोटांनी टेबलावर वाजवत होतो.

सिनेमा सुटल्यावर दादाला फोन केला.

“मरतो का रे शेवटी टॉम?”

“नाही. दादा, तुला डॉनलो आठवतो?”

“कोण?”

“पहिल्या भागातला. ओकणारा.”

तो हसायला लागला. मग थांबला. “त्याचं काय झालं रे पुढे?”

“बरं चाललंय त्याचं.”