न लिहिलेली जागा

कालपासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये. मी सॅक्सोफोनसाठी लिहिलेल्या रचनेचा कार्यक्रम संपल्यावर दाराशी एक बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "शेवटच्या भागाआधी सगळ्यांनी मिळून श्वास घेतला ना, ते फार सुंदर होतं."

मी आभार मानले. पण तिथे मी काही लिहिलेलंच नाही! एका मात्रेची विश्रांती आहे, तीही आधीची ओळ लांबलचक आहे आणि बॅरिटोन-बास या खालच्या सुरांच्या मोठ्या सॅक्सोफोनना हवा बेसुमार लागते म्हणून ठेवलेली.

12 सॅक्सोफोन. चार आल्टोंना, म्हणजे मधल्या सुरांच्या सॅक्सोफोनना, एकमेकांच्या इतक्या जवळचे स्वर दिले की त्यांच्या घासण्यातून हवा थरथरावी. बॅरिटोनचा अगदी खालचा स्वर हळू निघता निघत नाही. नळी शंकूसारखी, खाली उतरलं की गुरगुरणारच. आमच्या बॅरिटोनवालीने तो कुजबुजल्यासारखा काढला. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. सर मधल्या रांगेत होते, न भेटताच गेले. असो.

अडॉल्फ सॅक्सने 1846 साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलं ते एका वाद्याचं नव्हे, लहानमोठ्या भावंडांच्या अख्ख्या कुटुंबाचं. ते कुटुंब एका सुरात बोलताना ऐकवायचं म्हणून महिनोन् महिने खपलो. आणि कौतुक कशाचं, तर ते गप्प असतानाचं.

रात्री रेकॉर्डिंग लावलं. ती जागा पुन्हा पुन्हा ऐकली. हाताने ताल देणारा कुणी समोर नव्हताच, सगळी मदार उंच सुराचा सोप्रानो वाजवणाऱ्यावर. तो मान किंचित उचलून लयीत श्वास ओढतो, त्यावर बाकीचे उठतात. म्हणजे पुढची सम त्या श्वासातच ठरत होती. बाईंचे कान माझ्यापेक्षा बरे निघाले म्हणायचे.

ही म्हणाली, "मग तो श्वासही तुझ्या नावावर लाव की!" सकाळी खरंच पेन्सिल घेऊन बसलो होतो, श्वासाची खूण करावी का? पण खूण केली की पुढच्या वेळी हे लोक श्वास घेण्याचा अभिनय करतील. राहू दे.

आत्ताच बासवाल्याचा निरोप आला: "त्या विश्रांतीत मला पान उलटावं लागतं. श्वास घ्यायला वेळच मिळत नाही. पुढच्या वेळी पान जरा आधी तोड ना."